ग्लास स्किन राहू द्या, आधी कपडे वाळू द्या

महोदय,

कालच्या पुरवणीत विद्यापीठातल्या मुलामुलींनी त्वचेची निगा कशी राखावी यावर पानभर लेख आला. लेख छान आहे, फोटो त्याहून छान. सकाळी उठून क्लिन्झर, मग टोनर, मग व्हिटॅमिन सीचं सीरम, मॉइश्चरायझर, त्यावर सनस्क्रीन, आणि दर दोन तासांनी पुन्हा सनस्क्रीन. हे कोणत्या मुलांसाठी लिहिलं आहे? बाथरूमबाहेर बादली लावून रांगेत उभी राहणारी आणि आठच्या प्रॅक्टिकलला ओल्या केसांनी पळणारी मुलं लेखिकाबाईंच्या पाहण्यात आलेली दिसत नाहीत.

माझा मुलगा पुण्यात एमएस्सी करतो. वसतिगृहात तिघांची खोली, तीत आता चौथी कॉट. त्या खोलीला चेहऱ्यावरच्या चमकेची चिंता नाही, नायट्याची आहे, म्हणजे बुरशीने येणाऱ्या खाजऱ्या चट्ट्यांची. पानभर लेखात नायटा हा शब्द एकदाही आलेला नाही. ग्लास स्किन, म्हणजे काचेसारखी तुकतुकीत त्वचा, चार वेळा आली.

पावसाळ्यात एकाला झाला. टॉवेल सगळ्यांचे एकाच दोरीवर, जीन्स दमट असली तरी तशीच चढवायची, त्यामुळे महिन्याभरात खोलीभर पसरला. गॅलरीत कपडे वाळत घातले तर दंड, कारण इमारतीची शोभा जाते. गच्चीला कुलूप. मी रेक्टरांना फोन करून विचारलं की मग मुलांनी कपडे वाळवायचे कुठे? तर म्हणाले, "मॅडम, मुलांना स्वच्छतेची सवय घरूनच लागायला हवी." मी स्वतः प्राथमिक शिक्षिका आहे, आणि गेली कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या पोरांची नखं तपासते आहे. असो.

मुलाने घरी अवाक्षर काढलं नाही. जांघेतली खाज आईला कोण सांगणार? मित्राच्या सांगण्यावरून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ट्यूब आणली. मेडिकलवाल्याने ना चिठ्ठी मागितली, ना कुठे झालंय ते विचारलं. दोन दिवसांत खाज बंद! मग तीच ट्यूब चारही कॉटवर फिरली. दिवाळीला घरी आला तेव्हा चट्टे मांडीवरून पोटापर्यंत चढलेले आणि जांघेत कातडी फाटल्यासारख्या लाल रेघा. आमच्या इथल्या स्किनच्या डॉक्टरांनी ट्यूब माझ्या हातात देऊन मागची बारीक अक्षरं मलाच वाचायला लावली. क्लोबेटासोल, ऑफ्लोक्सॅसिन, ऑर्निडॅझोल, टर्बिनाफिन. यातलं शेवटचं बुरशीवरचं औषध, पण पहिलं जबर ताकदीचं स्टिरॉइड. स्टिरॉइड खाज दाबतं, वरची लाली घालवतं आणि आत बुरशीला मोकळं रान देतं. लावायचं थांबवलं की खाज दुपटीने उसळते, म्हणून पोरं पुन्हा नवी ट्यूब आणतात. आता गोळ्या चालू आहेत, त्या किती महिने घ्याव्या लागतील ते डॉक्टरही नक्की सांगत नाहीत. टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशी आपल्याकडे बोकाळली आहे आणि 2020 साली तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नावही मिळालं. देशाचं नाव असं जगभर झालंय, त्याची दोन ओळींची बातमी तरी पुरवणीत यायला हरकत नव्हती.

मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइडची आणखी 14 मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. कागदावर ती आजही आहे. आपल्या एखाद्या बातमीदाराला कुठल्याही वसतिगृहाजवळच्या मेडिकलमध्ये पाठवा आणि खाजेची ट्यूब मागायला सांगा. चिठ्ठी मागणारा दुकानदार भेटला, तर त्याचा फोटो पहिल्या पानावर छापा.

मुलींच्या वसतिगृहात हीच कथा चेहऱ्यावर घडते. गोरं व्हायला मोमेटासोन (हेही स्टिरॉइडच) आणि रंग उजळवणारं हायड्रोक्विनोन यांची मिश्र क्रीमं रोज रात्री 'नाइट क्रीम' म्हणून चोपडायची. पुढे पुरळ, लव, उन्हात गेलं की आग. लेखात यालाही बगल. अकोल्याची एक विद्यार्थिनी आणि घरच्या दोघी, तिघींची मूत्रपिंडं अशाच एका क्रीमने बिघडली आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा निघाला. ही बातमी 2023 मध्ये वर्तमानपत्रांतच गाजली होती. दहा लाखात एक भाग, एवढाच पारा अशा क्रीममध्ये चुकून आला तर चालतो. त्या क्रीममध्ये तो हजारो पट होता.

आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी त्या लेखाच्या खालची पाव पानाची जाहिरात? "सात दिवसांत उजळ कांती, विद्यार्थ्यांना खास सवलत." वर लेखिका सांगतात की सावळ्या रंगाचा अभिमान बाळगा, आणि खाली फोन नंबर. त्या जाहिरातीत क्रीम कोण बनवतं, कुठे बनवतं, आत काय आहे, यातलं एक अक्षर नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा छापणार असाल, तर निदान उत्पादकाचा पत्ता तरी मागून घ्या.

आपली,
एक वाचक व पालक, बार्शी