दीड महिन्याच्या लसीला आईचीही विचारपूस व्हावी

संपादक महोदय,

दीड महिन्याची लस द्यायला बाळ येतं तेव्हा त्याचं वजन होतं, मांडीत सुई टोचली जाते, ताप आला तर औषधाचे किती थेंब द्यायचे ते सांगितलं जातं. ते बाळ मांडीवर घेऊन बसलेली आई रात्री झोपते का, हे सहसा कुणी विचारत नाही. नाशिकच्या सिडको-सातपूरची असो की सिन्नर-निफाडहून माहेरी आलेली लेक, "बाळाला काहीतरी होईल, नाहीतर मलाच काहीतरी मोठं झालंय" ही भीती अनेकींना पोखरत असते. घरच्यांचं उत्तर ठरलेलं: "काही होत नाही गं, आम्ही नाही का चार वाढवली?" त्याने भीती जात नाही, बाई फक्त ती बोलून दाखवायची बंद होते.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगीच रडू येणं बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही टिकलं, बाळ गाढ झोपलेलं असताना आईचा डोळा लागेना, तर उपचार घ्यायला हवेत.

ही भीती वाढते ती तपासण्यानेच. बाळाच्या छातीवर हात ठेवला की जिवाला बरं वाटतं, पण दहा मिनिटंच. मग पुन्हा शंका, पुन्हा हात. मन दरवेळी एकच शिकतं, की तपासलं म्हणून बाळ सुखरूप राहिलं. रात्री दोनला मोबाइलवर लक्षणं शोधणं आणि नवऱ्याला उठवून "बरं आहे ना?" विचारणं हे त्याच फेऱ्यातलं.

म्हणून पोकळ धीरापेक्षा आकडे द्यावेत. नवजात बाळ मिनिटाला 40 ते 60 श्वास घेतं, तेही एकसारखे नाहीत. मधेच पाच-सात सेकंद थांबतं आणि मग भराभर घेतं. हे नेहमीचंच आहे. श्वास मोजायचे तर बाळ शांत असताना, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की याच थांबण्यामुळे हिशेब चुकतो. 60 किंवा जास्त आले तर पुन्हा मोजावं. पुन्हा तेवढेच आले, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळे दिसत असतील किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर लगेच दवाखाना. करोनात घेतलेला बोटाचा ऑक्सिमीटर बाळाच्या अंगठ्याला लावू नये. तो मोठ्यांच्या बोटासाठी असतो, पाय हलला की भलताच आकडा दाखवतो आणि घर जागं होतं. ताप काखेत बघावा. उन्हाळ्यात टोपडं, मोजे आणि दुपट्यात गुंडाळलेलं बाळ 99.5 दाखवू शकतं. कपडे कमी करून अर्ध्या तासाने पुन्हा बघावं. 100.4 असेल तर मात्र वाट बघू नये. पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून सहा वेळा शू होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय.

आता फेरा तोडायचा कसा? पहिले तीन दिवस काहीच बदलू नये. किती वेळा तपासलं, कशाच्या भीतीने, एवढंच वहीत लिहावं. चौथ्या दिवसापासून तपासायची ओढ झाली की दहा मिनिटं थांबावं, दोन-तीन दिवसांनी वीस. पुढे तपासण्याच्या वेळाच ठरवून घ्याव्यात. वर सांगितलेली धोक्याची लक्षणं दिसली तर अर्थातच थांबायचं नाही. पहिल्या दिवसांत बेचैनी वाढतेच आणि बहुतेकजणी इथेच सोडून देतात. तिने विचारलेल्या प्रश्नाला घरच्यांनी एकदाच उत्तर द्यावं: "मघाशी मोजलं, आता सहाला मोजू." वीस वेळा समजूत काढणं मायेचं वाटतं, पण भीतीला तेच खतपाणी. आणि आईला सलग चार तास झोप मिळायलाच हवी. दहाला पाजून तिने दुसऱ्या खोलीत झोपावं, मोबाइल बाहेर ठेवून. मधल्या वेळेला काढून ठेवलेलं दूध आजीने वाटी-चमच्याने पाजावं. दृष्ट काढायची तर जरूर काढा, फक्त तिच्या झोपेच्या वेळेत नको.

छातीत धडधड, थरथर, थकवा याला सरसकट 'टेन्शन' म्हणणंही चूक. आधी हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) तपासावं, कारण बाळंतपणानंतर काहींना थायरॉईडला सूज येते. तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, डोकेदुखीसोबत अंधुक दिसणं, एकाच पोटरीला सूज, धाप लागणं, ही तर त्याच दिवशी दाखवायची दुखणी.

काहींच्या मनात बाळ हातातून पडल्याची चित्रं येतात आणि त्या लाजेने गप्प राहतात. विचाराने आई स्वतःच हादरत असेल, तर तो चिंतेचा भाग आहे, तिचा हेतू नव्हे. पण आवाज ऐकू येणं, हे बाळ माझं नाहीच म्हणणं, कित्येक दिवस न झोपताही थकवा न जाणवणं, यात तिला आणि बाळाला एकटं न सोडता तातडीने रुग्णालयात न्यावं. चिंतेवर समुपदेशन असतं, स्तनपान चालू असतानाही चालणारी औषधं असतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरू किंवा बंद करू नयेत. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

आशाताई बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. बेचाळिसावा दिवस आणि दीड महिन्याची लस जवळपास एकत्रच येतात. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला 1987 पासून वापरात असलेली एडिनबर्ग प्रश्नावली दहा प्रश्नांची आहे, भरायला पाच मिनिटं लागतात. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. त्याचं उत्तर 'कधीच नाही' सोडून काहीही आलं तर एकूण गुण न बघता आईला पुढे डॉक्टरांकडे पाठवायचं. महापालिकेच्या आणि ग्रामीण लसीकरण केंद्रांवर ती ठेवावी, वाचता न येणाऱ्यांना वाचून दाखवावी. मात्र तेवढा वेळ तिच्या सासूबाईंना आणि माहेरच्या आईला बाहेर बसवावं लागेल, नाहीतर दहाही उत्तरं 'सगळं छान आहे' अशीच येतील.

— माता-बाल आरोग्यसेवेतील काही परिचारिका व समुपदेशक, नाशिक