शिमल्याला निघालास, तर आधी चढ मोज

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. नोव्हेंबरच्या मध्याला तुम्ही पाच जण शिमल्याला जाताय आणि त्यांत काकूही आहेत, हे वाचून फार बरं वाटलं. मात्र तू आखलेला कार्यक्रम महाबळेश्वर डोळ्यांपुढे ठेवून केलेला दिसतो, आणि तिथेच गडबड होईल. महाबळेश्वर पठारावर आहे. एकदा पसरणीचा घाट संपला की वर बरंचसं सपाट, आणि गाडी थेट हॉटेलच्या दारात. शिमला डोंगराच्या धारेवर आणि तिच्या उतारांवर टांगलेलं गाव आहे. खाली कार्ट रोड, तिथवर गाड्या. वर मॉल, म्हणजे बाजारपेठेचा मुख्य रस्ता, तिथे नेहमीच्या गाड्यांना बंदी. मधे लोअर बाजार, मिडल बाजार आणि पायऱ्याच पायऱ्या. तिथे अंतर किती हे विचारू नकोस, चढ किती ते विचार. रेल्वे स्टेशन २,०७५ मीटरवर आहे आणि रिज, म्हणजे धारेवरचा मोकळा चौक, २,२०० मीटरवर, म्हणजे जवळजवळ चाळीस मजल्यांचा फरक.

म्हणून हॉटेल ठरवताना ‘मॉलपासून २०० मीटर’ या ओळीवर अजिबात जाऊ नकोस. फोन करून विचार: गाडी कुठपर्यंत येते? तिथून खोलीपर्यंत पायऱ्या किती, आणि त्या चढायच्या की उतरायच्या? काकूंच्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जाईल, कारण उतरताना प्रत्येक पावलाला सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो. दुसरं, खोली उन्हाच्या अंगाला आहे का? उत्तरेकडच्या उतारावर थंडीत ऊन फिरकत नाही, आणि गाद्या-रजया ओलसर राहतात. दरीचा देखावा नसला तरी चालेल, पण ऊन असलेली खोली घे.

तिसरा प्रश्न गीझरचा. आपल्याकडे नळाचं पाणी पंचविशीच्या आसपास असतं, त्यामुळे १५ लिटरच्या गीझरमधल्या ६० अंशांच्या पाण्यात थंड मिसळून आंघोळीचं ३५ लिटर पाणी निघतं. शिमल्यात त्या दिवसांत नळाचं पाणी १० अंशांवर आलं, तर तेवढ्याच गीझरमधून २५ लिटरच निघेल, म्हणजे सव्वा बादली. दुसऱ्यांदा तापायला अर्धा तास. पाच जणांच्या आंघोळी एका गीझरवर उरकायच्या तर सकाळचे दोन-अडीच तास गेलेच. दोन खोल्या घेताय हे उत्तम, पण दोन्हींत वेगळा गीझर आहे याची खात्री कर. खोलीत उबेसाठी विजेचा हीटर मागून घे, त्याचे पैसे बहुधा वेगळे पडतात. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत कुणी कितीही आग्रह केला तरी घेऊ नकोस. धुमसणाऱ्या कोळशातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

आता प्रवास. कालक्याहून छोट्या रेल्वेगाडीनेच वर जा. ९६.६ किलोमीटरला पाच-सहा तास लागतात, पण ६५६ मीटरवरून हळूहळू वर जाताना शरीरालाही सवय होते. १९०३ साली सुरू झालेला हा मार्ग २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. रुळांची रुंदी ७६२ मिलिमीटर, त्यामुळे डबे अरुंद आणि सामानाला जागा कमी. मोठ्या दोन सुटकेसऐवजी सीटखाली सरकतील अशा चार लहान बॅगा कर. वर पोचल्यावर पायऱ्यांवरही त्याच सोयीच्या पडतील. बडोगचा बोगदा सर्वांत लांब, १,१४४ मीटरचा. तो ओलांडला की लगेच बडोग स्टेशन लागतं, गाडी थांबली की चहा-नाश्ता तिथेच उरका. कनोहजवळ चार मजली कमानींचा ५४१ क्रमांकाचा पूल येतो, तो पोरांना दाखव. खिडकी डावी की उजवी याची काळजी सोड, वळणं इतकी आहेत की दरी दोन्हीकडे येते.

तू दिल्लीहून सकाळची शताब्दी धरून त्याच दिवशी वर जायचं ठरवलंयस, ते बदल. शताब्दीला उशीर झाला तर जोडगाडी चुकण्याची धास्ती, आणि मिळाली तरी पोचेपर्यंत अंधार पडायला येतो. नोव्हेंबरच्या मध्याला तिथे साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो. अनोळखी गाव, थंडी, पायऱ्या आणि सामान हे सगळं अंधारात नको. आदल्या रात्री कालक्याला किंवा चंदीगडला मुक्काम करा आणि पहाटेच्या गाडीने निघा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी करून टाक. स्टेशनवर पाठीवर सामान वाहणारे काश्मिरी हमाल भेटतील, गावात त्यांना ‘खान’ म्हणतात. हॉटेलचं नाव सांगून दर आधी ठरव. कार्ट रोडवरून मॉलवर जायला दोन टप्प्यांची लिफ्ट आहे, काकूंसाठी तिचाच आधार. रात्री ती बंद होते, म्हणून शेवटची वेळ दुपारीच विचारून ठेव.

बर्फाबद्दल स्पष्टच सांगतो, पोरांना आशा लावू नकोस. शिमल्यात बर्फ पडला तर साधारण डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी. नोव्हेंबरची खरी गंमत वेगळी: हवा धुतल्यासारखी स्वच्छ, आणि रिजवरून उत्तरेला बर्फाच्छादित रांगा. बर्फ नाही, म्हणूनच जवळचं कुफ्री गाळ. बर्फ नसताना तिथे घोड्यांच्या वाटेवरची धूळ आणि लीद एवढंच पदरी पडतं. तो दिवस नारकंड्याला द्या. ६०-६५ किलोमीटर, २,७०० मीटर, देवदारांची दाट झाडी. पुढचा हाटू शिखराचा रस्ता अरुंद आणि खडा आहे, गाडी लहानच घ्या. वर ३,४०० मीटरवर धाप लागते, काकूंनी सावकाश चालावं.

गावात एक अख्खी दुपार व्हाइसरीगल लॉजसाठी ठेव. १८८८ साली बांधून झालेली ही वास्तू आज भारतीय उच्च अध्ययन संस्थेकडे आहे. आतलं लाकूडकाम बघण्यासारखं आहे. सोमवारी बंद असते. जाखूच्या टेकडीवर सकाळी रोपवेने जा. तिथली माकडं खाऊपेक्षा चष्म्यावर टपलेली असतात. चष्मा पळवला की काही खायला दिल्याशिवाय सोडत नाहीत. काकूंच्या चष्म्याला दोरी बांध, किंवा तेवढ्यापुरता पिशवीत ठेवायला सांग.

वहिनी उपम्याची पाकिटं नेणार आहेत ना? त्या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पाकिटावर लिहिलेल्या वेळात रवा कचकचीत राहतो. पाणी ओतल्यावर झाकण लावून डबा टॉवेलात गुंडाळायचा आणि पाच मिनिटं जास्त ठेवायचा. बाहेर खाताना सिड्डू नक्की मागा: आंबवलेल्या कणकेचा, आत सारण भरून वाफवलेला, वर तुपाची धार. गरम असतानाच संपवा, गार झाला की चिवट होतो.

कपड्यांत एक जाड कोट नको, तीन पातळ थर हवेत. चढताना घाम येतो आणि थांबलात की तोच अंगावर गार पडतो, म्हणून अंगालगत सुती बनियनऐवजी थर्मल घाला. परतताना टॅक्सीने चंदीगडला उतरणार असाल तर विमानाच्या वेळेआधी निदान सात तास निघा. उतरायला साडेतीन-चार तास पुरतात, पण कोंडी झाली की काही खरं नाही. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास.

हॉटेलवाल्यांनी पायऱ्यांचा काय आकडा सांगितला तो कळव, मग काकूंसाठी काठी न्यायची का ते ठरवू. त्यांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक