विषय: ‘वाड्याचं जुनं सागवान’ म्हणून विकलेल्या बनावट खुर्च्यांबाबत

मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग यांस,

गेल्या महिन्यात आपल्या कोल्हापूरच्या शोरूममधून बाक आणि दोन खुर्च्या घेतल्या. बिल ३८,५०० रुपये, प्रत जोडली आहे. माहितीपत्रकात छापलंय: पाडलेल्या वाड्यांचं सागवान, प्रत्येक नग वेगळा.

मी उद्यमनगरात एकतीस वर्षं फौंड्रीचे लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठीचे लाकडी नमुने, केले. तरी शोरूमच्या पिवळ्या दिव्यांत फसलो, ती चूक माझी. घरी खुर्च्या शेजारी-शेजारी ठेवल्यावर डोळे उघडले. दोन्हींच्या पाठीवर खिळ्यांची सात-सात भोकं, त्याच जागी, त्याच अंतरावर. वाडे काय साच्यातून काढले होते? सागात लोखंडी खिळा वर्षानुवर्षं राहिला की लाकडातलं टॅनिन आणि लोखंड मिळून भोवती काळानिळा डाग मुरतो. इथं भोकांच्या कडा कोऱ्या. ओलं फडकं फिरवलं तर ‘शंभर वर्षांचा’ काळेपणा फडक्यावर आला. खुर्ची उलटी केली, तर सीटखाली फिंगर जॉइंटचं, म्हणजे छोटे तुकडे दातेरी सांध्यांनी जोडलेलं, रबरवूड (रबराच्या झाडाचं लाकूड).

रबरवूडला माझी ना नाही. पण आपण माहितीपत्रकात डच फर्निचर डिझायनर रीतफेल्ट आणि डिझायनर कंपाना बंधूंची नावं टाकलीत म्हणून लिहितो. रीतफेल्टनं १९३४ मध्ये खोक्याच्या फळ्यांची खुर्ची काढली, ती खोक्याची म्हणूनच. ब्राझीलच्या कंपाना बंधूंच्या १९९१ च्या फावेला खुर्चीत लाकडाचे तुकडे एकावर एक ठोकलेले, चिकटवलेले, सगळे उघड्यावर. शिरोली एमआयडीसीत मशिनरीची पाईनची खोकी निघतात. त्यांचा बाक ‘खोक्याचा बाक’ म्हणून विकला असतात तर मी हौसेनं घेतला असता. आपण नव्या लाकडाला भोकं पाडून त्याचं वय वाढवलंत.

फोनवर आपला प्रतिनिधी म्हणाला, “सर, तो व्हिंटेज फिनिश आहे.” बिलावर फिनिशचा शब्द नाही, ‘जुने सागवान’ असं स्वच्छ लिहिलंय.

पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम परत करावी आणि माल स्वखर्चानं न्यावा. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. भोकांचे फोटो मोजायची टेप लावून काढले आहेत, ते सोबत आहेत.

न्यायला येणाऱ्या पोरांना सांगा, डावीकडची खुर्ची जपून उचला. तिचा मागचा पाय आत्ताच हलतोय.

आपला ग्राहक
(नाव व पत्ता बिलावर आहे)