‘पडलं कुठं?’ एवढंच विचारणाऱ्या सिस्टरना

सिस्टर,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपण बदलीच्या जागी रुजू झालात असं कळलं. खानापूर, नंदगड, जांबोटी, उचगाव, येळ्ळूर या पट्ट्यात कॉलेजच्या मुलींचे आरोग्याचे तास घेणाऱ्या आम्ही सगळ्यांनी मिळून हे पत्र लिहिलंय. ते उघडच लिहितो आहोत. आभार तुमचे, पण प्रत्यक्ष संबंध आला नसला तरी दिवस जातात का, याबद्दल तुम्ही समजावलेलं ज्या मुलींना विचारायची सोय नाही त्यांच्याही कामाचं आहे.

आमच्या तासाला येणाऱ्या निनावी चिठ्ठ्यांत ‘संबंध आला नाही, पण...’ अशी सुरुवात असलेल्या चिठ्ठ्या सगळ्यांत जास्त. त्यांना आमच्याकडं दोनच उत्तरं असायची. ‘काही होत नाही’ किंवा ‘असलं करूच नये’. पहिलं अर्धवट खरं आणि दुसरं तर उत्तरच नव्हे. किशोरवयीनांच्या ‘स्नेह’ क्लिनिकच्या खोलीत तुम्ही समोरच्या मुलीला ‘का केलंस’ असं कधी विचारलं नाही. तुमचे प्रश्न तीन: वीर्य बाहेर आलं काय? पडलं कुठं? आणि मागची पाळी कधी आली होती? एवढ्यावर धोका मोजता येतो, हे तुमच्याकडून शिकलो. त्याबद्दल आधी मनापासून आभार.

‘पडलं कुठं’ हा त्यातला मुख्य. गर्भ राहायला जिवंत शुक्रजंतू योनीमार्गात पोचावे लागतात, तिथून गर्भपिशवीच्या तोंडावाटे वर नळीत जाऊन त्यांना स्त्रीबीज गाठावं लागतं. दुसरी वाट नाही. कातडीतून, बेंबीतून, तोंडातून, पोटातून ते जात नाहीत. चुंबन, मिठी, अंगाला अंग लागणं, तोंडाचा संपर्क यांतून दिवस जात नाहीत. हॉस्टेलची बादली, टॉवेल, संडासाची सीट यांतूनही नाही. वीर्य उघड्यावर पडलं की काही मिनिटांत सुकतं आणि सुकलं की त्यातले शुक्रजंतू मेलेले असतात, नंतर पाणी लागलं म्हणून ते उठून बसत नाहीत. साबण आणि गरम पाणी तर त्यांना लगेच मारतं. दोघांच्याही अंगावर कपडे असतील, सलवार, जीन्स, आत चड्डी, तर गर्भ राहत नाही. कपड्याला डाग पडला म्हणजे वीर्य आत पोचलं असं नव्हे.

पण तुम्ही तिथंच थांबत नव्हता, हे आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. कपडे नसताना योनीच्या तोंडावर किंवा अगदी जवळ ओलं वीर्य पडलं, तर धोका कमी असतो, पण असतो. आत प्रवेश झालाच पाहिजे असं नाही. योनीच्या तोंडाशी असलेला पडदा शाबूत आहे म्हणून निर्धास्त राहणंही चूक, कारण त्या पडद्याला पाळीचं रक्त बाहेर यायला वाट असतेच आणि तीच वाट आत जायलाही असते. बोटाला ओलं वीर्य असताना तेच बोट लगेच आत गेलं, तर शक्यता थोडी. बोट पुसलेलं, सुकलेलं असेल तर नाही. मागच्या बाजूनं संबंध आला तर तिथून गर्भाकडं वाट नाही, मात्र वीर्य ओघळून पुढं येऊ शकतं. आणि वीर्यापूर्वी जो चिकट थेंब येतो, त्यात काही पुरुषांत जिवंत शुक्रजंतू सापडतात. कुणात सापडतात आणि कुणात नाही, हे बाहेरून ओळखता येत नाही, त्या पुरुषालाही कळत नाही. म्हणून ‘वेळेत बाहेर काढलं’ हा उपाय कच्चा. त्यावरच विसंबणाऱ्या १०० जोडप्यांतल्या साधारण २० बायकांना वर्षभरात दिवस जातात.

तिसरा प्रश्न तारखेचा. यात आम्हीच काय, पुष्कळ पुस्तकंही घोळ घालतात. ‘चौदावा दिवस’ सगळ्यांना लागू नाही. बीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी बाहेर पडतं. मागच्या पाळीपासून मोजायचं नाही. २८ दिवसांनी पाळी येणारीला तो १४वा दिवस, ३५ दिवसांनी येणारीला २१वा. बीज जगतं १२ ते २४ तास, पण शुक्रजंतू गर्भपिशवीच्या तोंडाशी असलेल्या स्रावात पाच दिवसांपर्यंत टिकतात. म्हणजे पहिलीचे धोक्याचे दिवस ९ ते १४, दुसरीचे १६ ते २१, आणि त्यापुढं एखादा दिवस. त्या दिवसांत अंगावरून अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं पारदर्शक, ताणलं तर तार धरणारं पाणी जातं, ते लक्षात ठेवायचं. बाकी दिवसांत स्राव घट्ट असतो आणि योनीतल्या आंबटपणानं बहुतेक शुक्रजंतू काही तासांत मरतात. पण हा हिशेब धोका समजून घ्यायला आहे, बिनधास्त व्हायला नाही. विशीच्या आतबाहेर चक्र पुढंमागं होतंच. परीक्षा, ताप, जागरण, खाणं तुटणं, कशानंही बीज उशिरा सुटतं आणि पाळी लांबते. भीतीनंसुद्धा लांबते. मग पाळी आली नाही म्हणून भीती, आणि भीतीनं पाळी आणखी पुढं, असं हे चक्र तुम्ही फळ्यावर काढून दाखवलं होतं.

धोका खरंच असेल तर काय करायचं, ते तुम्ही सांगितलं तसंच इथं देतो. बाहेरचं अंग साध्या पाण्यानं धुवावं. आत पाणी मारू नये, उपयोग नाही आणि जंतुसंसर्ग होतो. लघवी करून वीर्य निघत नाही, कारण लघवीची वाट वेगळी. तातडीची गोळी म्हणजे लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, एकच, ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी. ती बीज सुटणं पुढं ढकलते. बीज आधीच सुटलं असेल तर तिचा उपयोग होत नाही, आणि राहिलेला गर्भ ती पाडत नाही. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा एक घ्यावी. पुढची पाळी आठवडाभर अलीकडं-पलीकडं होऊ शकते, मध्येच थोडं रक्त दिसू शकतं. गोळीनंतर त्याच महिन्यात पुन्हा संबंध आला तर आधीची गोळी राखण करत नाही. पाच दिवसांच्या आत तांबी (गर्भपिशवीत बसवतात ती कॉपर-टी) बसवणं गोळीपेक्षा खात्रीचं, हे आमच्यातल्या काहींनाही नवं होतं. आणि कपड्यांवरून झालेल्या गोष्टीसाठी गोळी घेऊच नये. तिनं पाळी हलते आणि नसलेली शंका नव्यानं उभी राहते.

मेडिकलमधली गडबड हा वेगळाच विषय. गावात कुणी ओळखेल म्हणून मुली बेळगावात उतरून अनोळखी दुकानात जातात आणि घाईत ‘ती गोळी’ एवढंच म्हणतात. दुकानात ‘ती’ म्हणजे तीन गोळ्या. एक वर सांगितलेली. दुसरी नॉरएथिस्टेरॉन, सणाला किंवा जत्रेला पाळी पुढं ढकलायला घेतात ती. तिनं गर्भ रोखला जात नाही. तिसरी गर्भपाताच्या गोळ्यांचा संच. तो डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला नको आणि घ्यायलाही नको. गर्भ गर्भपिशवीऐवजी नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो जात नाही, नळी फुटून रक्त पोटातच साचतं, बाहेर मात्र पाळीसारखं रक्त दिसतं. पाकिटावरचं औषधाचं नाव वाचायची सवय तुम्ही लावलीत, इंग्रजी अक्षरं वहीत उतरवून दिलीत. मराठी शाळेतून आलेल्या मुलींना त्याचा उपयोग कसा झाला, ते वेगळं सांगायला नको. कच्ची पपई, तीळगूळ, ओव्याचा काढा यांबद्दल तुमचं एकच वाक्य पुरलं: ‘खायला हरकत नाही गे, पण त्यावर भरवसा नको.’

तपासणीबद्दलही तितकंच काटेकोर. संपर्कानंतर चार दिवसांत गर्भ तपासायचं किट लावून ‘नाही’ आलं, याला अर्थ नाही. गर्भ रुजायलाच बीज सुटल्यापासून ६ ते १२ दिवस लागतात, त्यानंतर किट ज्यावरून ओळखतं ते गर्भाचं संप्रेरक लघवीत येतं. पाळी चुकल्याच्या दिवशी किंवा त्यानंतर, आणि चक्र अनियमित असेल तर संपर्कापासून २१ दिवसांनी तपासावं. सकाळची पहिली लघवी, पाकिटावर लिहिले असतील तेवढेच थेंब, पाच मिनिटांनी वाचन. फिकट असली तरी दुसरी रेघ ही रेघच. १० मिनिटांनंतर उमटलेली करडी रेघ धरायची नाही. नियंत्रणाची रेघच आली नाही तर किट वाया गेलं, दुसरं घ्यायचं. आशाताईंकडं ‘निश्चय’ किट फुकट मिळतं.

कायद्याचं तुम्ही मुलगी बोलायला लागायच्या आधीच सांगत होता, ही पद्धत आम्ही उचलली आहे. १८ वर्षांखालच्या मुलीशी लैंगिक संपर्क हा गुन्हा आहे आणि तो कळल्यावर कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. हे आधी सांगितलं की नंतर फसवल्यासारखं वाटत नाही. १८ पूर्ण झालेल्या बाईच्या गर्भपाताला तिची स्वतःचीच संमती लागते, नवऱ्याची किंवा आईवडिलांची सही लागत नाही. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ ला २० ते २४ आठवड्यांच्या तरतुदीतही अविवाहितांना वगळता येणार नाही असं म्हटलं. महाराष्ट्रातल्या चंदगडकडच्या मुली विचारतात, म्हणून हेही: हा कायदा केंद्राचा आहे, हद्दीच्या अलीकडं-पलीकडं तोच. तिकडं किशोरवयीनांच्या क्लिनिकला ‘मैत्री’ म्हणतात, आपल्याकडं ‘स्नेह’, एवढाच फरक.

हे सगळं मांडलेल्या आमच्या तक्त्यात एक गोष्ट आम्ही वाढवली आहे. क्षयाची रिफाम्पिसिन आणि फिटची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन या गोळ्या चालू असतील तर तातडीच्या गोळीचा जोर कमी पडतो, अशा मुलीनं आधी डॉक्टरला विचारून तांबीचा विचार करावा, अशी ओळ घातली आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही मजकूर सोबत पाठवतोय. कन्नडमधल्या औषधांच्या नावांवरून एकदा नजर फिरवून द्या, म्हणजे जूनच्या आत छापायला देता येईल.

आपल्या,
खानापूर-बेळगाव भागात आरोग्याचे तास घेणाऱ्या आम्ही सगळ्या