तिसरी ओळ

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, पुढे स्मृती गेली तर कोणते उपचार नकोत, ते लिहिलेला तुमचा कागद मिळाला. तिसरी ओळ चारदा वाचली : ‘माणसं ओळखू येईनाशी झाली की नाकात नळी नको, न्यूमोनिया झाला तरी अँटिबायोटिक नको. तो मी नसेनच.’ आणि समासात आईचं बारीक अक्षर : ‘मग कोण असणार?’

आधी हसले, मग रात्रभर झोप नाही.

तुमचं भांडण जुनंच आहे. १६९४ मध्ये जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने लिहिलं, की व्यक्ती तीच राहते ती जाणिवेच्या धाग्यामुळे. राजपुत्राची जाणीव चांभाराच्या देहात शिरली, तर ती व्यक्ती राजपुत्रच. तुम्ही त्याचेच चेले. पण बाबा, गोची इथेच आहे. माणसं न ओळखणारा तो म्हातारा तुम्ही नसाल, तर त्याचं औषध थांबवणारे तुम्ही कोण? आणि तुम्हीच असाल, तर ओळ खोटी. आईने तीन शब्दांत तुमची विकेट काढली!

कायद्याचा अमेरिकी तत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन तुमच्या बाजूचा. आयुष्य सलग असतं, ते कसं संपावं हे शुद्धीतल्या माणसाने ठरवलं असेल तर तेच पाळावं, असं त्याने १९९३ मध्ये मांडलं. कायद्याची अभ्यासक रेबेका ड्रेसर हिला ते पटलं नाही. खाटेवर आज जो आहे त्याला काय हवंय, ते आधी बघा, असं तिचं म्हणणं. डॉक्टर स्वायत्ततेचा, म्हणजे आपलं आपण ठरवण्याच्या हक्काचा, हवाला देतील, पण कुणाची स्वायत्तता? ‘मी’ म्हणजे कोण हे ठरल्याशिवाय तो शब्द पोकळच.

मला आजी आठवते. ‘बाई, तुम्ही कोण?’ असं मलाच विचारायची. हातात रुमाल दिला की घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची. चेहरा कसा निवांत! आई, ‘ही आता ती राहिली नाही’ असं तू एकदाही म्हणाली नाहीस. तिची वेणी घालताना तिच्याशी भांडायचीससुद्धा.

बाबा, नळीचं कबूल. तिथे मी सही करते. अँटिबायोटिकचं मात्र मला जमणार नाही. तुमच्या जागी बसलेला तो म्हातारा रुमालाच्या घड्या घालत खुशीत असेल, तर त्याला साध्या गोळ्या नाकारायला माझा हात धजणार नाही. तेवढी ओळ बदला.

कागद परत पाठवतेय. आईच्या प्रश्नाखाली जागा आहे. दोघांनी बसून लिहा, आधी पेन्सिलीने.

तुमची,
धाकटी