खटला नसलेला भाग

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत पोलीस आणि कोर्टाच्या विदेशी मालिकांवर लेख आला, त्यावर वाचकांची पत्रेही आली. त्यांतल्या एका पत्रात 'लॉ अँड ऑर्डर'मधल्या 'आफ्टरशॉक' या भागाला सर्वांत फसलेला भाग ठरवले आहे, कारण त्यात तपास नाही आणि खटलाही नाही. मला ते पटले नाही. आम्ही काही मंडळी इंदुरात रामबागेतल्या एका घरी जमून या मालिकेचे जुने भाग पाहतो. हा भाग पाहिला त्या रात्री असा वाद रंगला की घरच्या वहिनींनी दुसऱ्यांदा चहा टाकला तरी कोणी उठेना. मी इथल्या कोर्टात लघुलेखक म्हणून नोकरी केली आहे. त्या वादातले काही आणि माझ्या मनातले काही, असे दोन्ही लिहिते आहे.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडेसे. अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर १३ सप्टेंबर १९९० रोजी ती सुरू झाली, २०१० पर्यंत तिची २० पर्वे झाली आणि २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. साचा पक्का ठरलेला. पहिल्या अर्ध्या भागात न्यूयॉर्कचे पोलीस गुन्हेगाराचा माग काढतात, उरलेल्या अर्ध्यात सरकारी वकील त्याच्यावर खटला चालवतात. पात्रांच्या घरात मालिका सहसा डोकावत नाही. निकाल लागतो, वकील एखादे वाक्य बोलतात आणि भाग संपतो. तिच्या चाहत्यांना हीच शिस्त आवडते. म्हणून २२ मे १९९६ रोजी दाखवलेला सहाव्या पर्वाचा हा शेवटचा भाग अनेकांना खटकतो.

या भागाची सुरुवातच शिक्षेच्या अंमलबजावणीने होते. एका खुन्याला विषारी इंजेक्शन देऊन मृत्युदंड दिला जातो. त्याला पकडून शिक्षेपर्यंत नेणारे चौघे ते बघायला हजर असतात: डिटेक्टिव्ह ब्रिस्को आणि कर्टिस, सरकारी वकील मॅकॉय आणि त्यांची सहकारी क्लेअर किनकेड. त्यानंतर त्या चौघांचा उरलेला दिवस दिसतो, बाकी काही नाही. कर्टिस हा बायकामुलांचा, नीतीच्या बाबतीत काटेकोर माणूस. तो एका अनोळखी तरुणीबरोबर जातो. दारू सोडलेला ब्रिस्को आपल्या मुलीला भेटतो, ती भेट बिघडते आणि तो पुन्हा ग्लास हातात घेतो. मॅकॉय बारमध्ये बसून आपल्या वडिलांबद्दल बोलत राहतो. क्लेअरला ही नोकरी करावी की सोडावी हेच कळेनासे होते. रात्री ती ब्रिस्कोला घरी सोडायला निघते, तिच्या गाडीला धडक बसते आणि ती जाते. पुढच्या पर्वात ती नाही.

आमच्यात कायदा शिकणारा एक मुलगा येतो. त्याचा आक्षेप नेमका होता. न्यूयॉर्क राज्याने मृत्युदंड परत आणणारा कायदा १९९५ मध्ये केला आणि तो त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून लागू झाला. गुन्हा, तपास, खटला, अपिले आणि अंमल हे सगळे पुढच्या मे महिन्यापर्यंत उरकणे शक्यच नाही. शिवाय त्या राज्यात १९६३ नंतर एकालाही मृत्युदंड दिला गेलेला नाही, आणि २००४ मध्ये त्या राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने तो कायदाच राज्याच्या घटनेत बसत नाही असे ठरवले. म्हणजे जे कधी घडलेच नाही त्यावर लेखकांनी भाग बेतला, असे त्याचे म्हणणे. माहिती त्याची बरोबर आहे. पण कायदा नुकताच आला होता, लोकांनी तो मागून घेतला होता, आणि उद्या तो खरोखर वापरला तर त्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या माणसांचे काय होईल, हे लेखकांनी आधीच विचारून ठेवले. असा प्रश्न वेळेवर विचारला जावा यासाठीच तर कथा लिहायच्या असतात.

घरच्या वहिनी मात्र कर्टिसवर भडकल्या होत्या. घरी बायको वाट बघतेय आणि हा असा वागतो, त्याचे पात्रच लेखकांनी नासवले, हे त्यांचे मत. यावर अर्धी मंडळी त्यांच्या बाजूला गेली. मला वाटते, लेखकांना तेच दाखवायचे होते. सकाळी जे पाहिले त्यावर चौघांपैकी कोणी धड बोलत नाही. एक बाईकडे वळतो, एक दारूकडे, एक आठवणींकडे. शिक्षा योग्य होती की अयोग्य, यावर भाग न्यायनिवाडा करत नाही. माणूस मारला जाताना पाहिल्यावर तो दिवस कुणालाही नीट काढता येत नाही, एवढेच तो दाखवतो. ब्रिस्कोचे काम करणारे जेरी ऑरबाक यांनी तो ग्लास उचलण्याआधी जो वेळ घेतला आहे, तेवढ्यासाठी तरी पत्रलेखकाने हा भाग पुन्हा पाहावा.

आता कोर्टाच्या बाजूने. आपल्याकडे फाशीच्या वेळी तुरुंगाचे अधिकारी, डॉक्टर आणि दंडाधिकारी असतात. तपास करणारे टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे पोलीस निरीक्षक, तिथे नसतात, सरकारी वकील नसतात, निकाल देणारे न्यायाधीशही नसतात. फाशीच्या निकालावर सही केल्यावर न्यायाधीशांनी पेनची निब मोडण्याची पद्धत लोकांना माहीत असते. शिक्षेचे ते वाक्य आधी कोणीतरी शॉर्टहँडमध्ये उतरवलेले असते आणि मग टाइप केलेले असते, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. 'गर्दन में फाँसी लगाकर तब तक लटकाया जाए' हे शब्द कानावर पडतात तेव्हा हात थांबवून चालत नाही, पुढचे वाक्य सुटेल. बाहेर आवारात लोक पेढे वाटत असतात, कॅमेऱ्यांची गर्दी असते. आत रीडर, म्हणजे न्यायाधीशांचा कारकून, पुढच्या पेशीची (सुनावणीची) फाइल काढतो. त्या दिवशी मी घरी जाऊन काय केले, हे मला कधी कोणी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. हा भाग पाहताना ते सगळे वर आले. या नोकरीतल्या लोकांविषयी इतक्या आस्थेने केलेले काम मी पडद्यावर दुसरे पाहिलेले नाही.

इंदूरकरांना तर हा विषय परका नाहीच. जून २०११ मध्ये आपल्याच समाजातल्या एका घरात आजी, आई आणि मुलगी यांचा दिवसाढवळ्या खून झाला. तेव्हा मराठी वस्त्यांमध्ये संध्याकाळी दार उघडायला लोक घाबरत होते. तिन्ही आरोपींना फाशीच हवी, असे प्रत्येक घरात बोलले जात होते. ज्यांच्या घरावर ते कोसळले, त्यांनी काय मागावे हे सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही, मला तर नाहीच. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली आणि उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने ती कायम केली. २० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बदलून किमान २५ वर्षांची जन्मठेप केली.

त्या निकालाने शिक्षा तर बदललीच, शिवाय देशभरातल्या सत्र न्यायालयांना एक कामही लावून दिले. आरोपीचे वय, लहानपण, घरची परिस्थिती, शिक्षण, आधीचे गुन्हे, मनाची अवस्था, तुरुंगातले वागणे ही माहिती सरकार पक्षाने आणि बचाव पक्षाने वेळेत न्यायालयापुढे ठेवली पाहिजे, तिच्याशिवाय फाशी ठरवायची नाही. शिक्षेवर वेगळी सुनावणी कायद्यात पूर्वीपासून आहे, पण व्यवहारात ती पुष्कळदा निकालाच्याच दिवशी काही मिनिटांत आटोपते. वकील म्हणतात, आरोपी तरुण आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, दया करावी. तेवढेच टाइप होते. आमच्या गावातल्या एका भयंकर गुन्ह्यातून साऱ्या देशासाठी हा नियम निघाला, आणि आमच्या बैठकीत एकालाही ते ठाऊक नव्हते.

दुसरे उदाहरणही इथलेच आहे. एप्रिल २०१८ मध्ये राजवाड्याजवळ एका तान्ह्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. महिन्याच्या आत आरोपीला फाशीची शिक्षा झाली. इतक्या वेगाचे सगळीकडे कौतुक झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि खटला नव्याने चालवायला सांगितला, कारण त्या घाईत आरोपीला बचावाची पुरेशी संधी मिळाली नव्हती. म्हणजे त्या लेकराच्या आईवडिलांना पाच वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागले. वेगाची ही किंमत त्यांनी भरली, कौतुक करणाऱ्यांनी नाही. याचा मला आजही संताप येतो.

बैठकीत विमा खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी मला सरळ विचारले, "मग तुमच्या मते फाशी नकोच का?" नको, असेच माझे मत आहे. त्यांचे मत उलट आहे आणि तेही प्रामाणिक आहे. पण एका गोष्टीवर आमचे एकमत झाले: जो ही शिक्षा मागतो त्याने निकालानंतरचेही बघायला हवे. अपिलात काय झाले, शिक्षा का बदलली, खटला का परत आला, हे कळले पाहिजे. मालिका निकालावर थांबतात तशा बातम्याही थांबतात. फाशी सुनावली की पहिल्या पानावर मोठा मथळा येतो, आणि वर्षांनंतर ती रद्द झाली की आतल्या पानावर चार ओळी.

म्हणून आपल्याला विनंती आहे. पुरवणीत मालिकांवर जरूर लिहा, आम्ही आवडीने वाचतो. पण २० मे २०२२ च्या त्या निकालात शिक्षा ठरवण्याबद्दल जे सांगितले आहे, ते कुणा जाणकार वकिलाकडून सोप्या मराठीत लिहून घेऊन छापावे. इंदूरच्या मराठी घरांमध्ये ते वाचले जाईल याची मी खात्री देते. आणि 'आफ्टरशॉक'ला फसलेला म्हणणाऱ्या आपल्या पत्रलेखकांना आमचे निमंत्रण कळवावे. ते इंदुरात आले तर रामबागेत आमच्याबरोबर बसून हा भाग पाहावा आणि नंतर हवे तितके भांडावे. वहिनी कर्टिसच्या बाबतीत त्यांच्याच बाजूने उभ्या राहतील.

आपली,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखक,
इंदूर