चातुर्मासात घोडीला नवा खूर येऊ द्या

मा. संपादक,
स. न.

आषाढी एकादशी झाली की इंदूरमधल्या वरातीच्या घोड्यांना चार महिने बरीच उसंत मिळते. तापलेल्या डांबरावर लग्नसराई काढलेल्या या जनावरांचे खूर आत्ता बघावेत. कडांच्या ढलप्या निघालेल्या, खिळ्यांची भोके फाकलेली, पुढच्या खुरांवर उभ्या चिरा. त्यावर तबेल्यांत सर्रास चालणारा इलाज म्हणजे तेल: मोहरीचे, नाहीतर गॅरेजमधले जळके. वरातीच्या दिवशी वरून काळे पॉलिश. खूर चकाकतो, चीर आहे तिथेच राहते.

खूर आपल्या नखासारखा असतो, एकदा चिरला की सांधत नाही. पायाचे केस संपून खूर सुरू होतो त्या केसांच्या कडेपासून नवा खूर महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर खाली सरकतो आणि जुनी चीर छाटणीत निघून जाते. टाचेकडचा भाग चार-पाच महिन्यांत बदलतो, पुढचा बदलायला नऊ महिने ते वर्ष लागते. म्हणजे कार्तिकीपर्यंत तीन-चार सेंटिमीटर निकोप खूर हाती येऊ शकतो.

त्याचे नुकसान कोरड्या हवेपेक्षा ओल्या-सुक्याचा फेरा जास्त करतो. रोज पाइपने पाय धुतले, रात्रभर मुताने भिजलेल्या जमिनीवर बांधले आणि दुपारी रस्त्यावर काढले, की खूर फुगतो, आकसतो, पुन्हा फुगतो. त्यात खिळे ढिले होतात आणि भोकापासून कड तुटते. मुतातला अमोनिया वेगळाच खूर पोखरतो. म्हणून लीद आणि ओला पेंढा रोज दोनदा काढावा, उभे राहायची जागा उंच व कोरडी असावी, आणि पाय धुण्याऐवजी चिखल वाळल्यावर ब्रशने झाडावा. तळव्याची घाण आकडीने टाचेकडून पुढे काढावी. तळव्याच्या मधल्या त्रिकोणी, मऊ भागाला म्हणजे पुतळीला काळपट, घाण वासाचा चिकट थर दिसला तर ती सडते आहे. ती साफ करून कोरडी ठेवावी आणि तिथे तेलाचा थेंबही लावू नये, कारण तेलाखाली कूज वाढते. काही लावायचेच असेल तर धुण्याआधी बाहेरच्या भिंतीवर व्हॅसलीनचा पातळ हात पुरे. पाणी आत शिरू नये एवढेच त्याचे काम.

काम नसलेल्या घोडीचे नाल या महिन्यांत काढून टाकावेत, म्हणजे जुनी भोके छाटणीत निघून जातात. सुरुवातीचे काही आठवडे तिला खडीवर चालवू नये. छाटणी दर चार-पाच आठवड्यांनी हवी. पुढचे टोक लांबले की प्रत्येक पावलाला ते पहारीसारखे चीर फाकवते. चीर खालून वर गेलेली असेल तर तिच्या टोकाशी कड कानशीने किंचित उचलून घ्यावी, म्हणजे जमिनीचा दाब तिथे पडत नाही. मात्र नालबंद खूर गुळगुळीत दिसावा म्हणून सगळी भिंत कानशीने घासत असेल तर त्याला थांबवा. ओल धरून ठेवणारा वरचा मेणचट थर त्यात निघून जातो.

केसांच्या कडेपासून खाली उतरलेली चीर, रक्त, पू, गरम खूर किंवा लंगडणे दिसले तर पशुवैद्यालाच बोलवावे. अशी चीर एपॉक्सीने (घट्ट होणाऱ्या गोंदाने) बुजवली तर पू आत कोंडतो. खिळा लागलेल्या घोडीला धनुर्वाताची लस दिली आहे की नाही, हेही पाहावे. घोड्यांना तो फार लवकर होतो.

आता खाणे. आपल्याकडे गव्हाच्या कोंड्यावर भर असतो. त्यात कॅल्शियमच्या आठ-दहा पट फॉस्फरस असतो, त्यामुळे कॅल्शियम अंगी लागत नाही आणि खूर ठिसूळ होतो. एक किलो कोंड्यामागे 25 ते 30 ग्रॅम खाद्य दर्जाची चुनखडीची पूड मिसळावी. पानाचा चुना अजिबात नको, तो तोंड आणि आतडी भाजतो. कोंडा कमी करून लसूणघास वाढवला तर त्याहून उत्तम. बायोटिन हे जीवनसत्त्व रोज 15 ते 20 मिलिग्रॅम, सोबत जस्त आणि मेथिओनिन (प्रथिनांतला एक घटक), असे निदान सहा ते नऊ महिने द्यावे लागते. महिन्याभरात फरक दिसला नाही म्हणून डबा बंद करणारेच जास्त. आधी केसांच्या कडेखाली दोन-तीन बोटे गुळगुळीत खूर दिसू लागतो. फरक तिथे बघायचा, खाली नाही.

महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1955 पासून इंदूरच्या शेजारी आहे. तिथल्या जाणकारांनी श्रावणात शहरातल्या नालबंदांसाठी एक दिवस काढावा, ही विनंती. शिबिर तबेल्यातच भरवावे. टेम्पोचे भाडे भरून घोडी महूला नेणारे फार थोडे निघतील.

— एक अश्वपालक, इंदूर